तीन अक्षरी शब्दांतला न ऐकू येणारा ‘अ’

वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. विचारणारे निरनिराळे असले, तरी बहुतेक सर्वांची अडचण तीन अक्षरी शब्दांपाशीच येऊन थांबते.

प्रश्न : आम्ही परदेशात राहतो. माझी नऊ वर्षांची मुलगी देवनागरी चांगले वाचते. परंतु ‘कमळ’, ‘गवत’, ‘बदक’ या शब्दांतील शेवटचे अक्षर ती पूर्ण उच्चारते आणि तिची आजी हसते. लिहिलेले अक्षर पूर्ण उच्चारू नकोस, हे तिला कशाच्या आधारावर सांगावे?

उत्तर : आजींनी हसू नये, ही पहिली विनंती. मुलगी लिपीवर विश्वास ठेवून वाचत आहे आणि लिपी तिला तेच सांगते. देवनागरीत ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ गृहीत असतो आणि संस्कृतात तो उच्चारलाही जातो. मराठीने लिपी तीच ठेवली, पण शब्दाच्या शेवटचा हा ‘अ’ बोलण्यातून लोपला. व्याकरणात त्याला निभृत ‘अ’ म्हणतात. म्हणून ‘कमळ’ कागदावर तीन अक्षरांचे असले, तरी तोंडात त्याचे दोनच तुकडे होतात : ‘क’ आणि ‘मळ्’. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, व्यंजनान्त शब्द मराठीत अकारान्त लिहावेत, पाय मोडू नये, असा जो नियम आहे (विद्वान, परिषद, अर्थात), तो यामुळेच निभावतो; पाय मोडला काय किंवा न मोडला काय, उच्चार तोच राहतो.

मुलीला नियमापेक्षा अर्थ लवकर पटेल. शेवटचा ‘अ’ ऐकू यायला हवा असेल, तेव्हा बोलीच्या लेखनात आपण डोक्यावर टिंब देतो : एक बदक, दोन बदकं; एक कमळ, दोन कमळं. तिने ‘बदक’ मधला ‘क’ ठासून म्हटला, की ऐकणाऱ्याला तळ्यात अनेक बदके आहेत असे वाटते. एवढे सांगितले की पुरे. फक्त शेवटी जोडाक्षर असेल, तर ‘अ’ थोडा ऐकू येतो आणि तो येऊ द्यावा : समुद्र, पवित्र, निसर्ग.

प्रश्न : मी दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करते. ‘चटणी’ म्हणताना ‘ट’ अर्धा होतो, पण ‘कढई’ म्हणताना ‘ढ’ पूर्ण राहतो. हे कशावर ठरते?

उत्तर : शब्दाच्या शेवटी ‘अ’ सोडून दुसरा स्वर आला, की शेवट निभृत राहत नाही आणि लोप मधल्या अक्षराकडे सरकतो. चट्णी, चक्ली, कप्डा, पुत्ळा, पण्जी असे उच्चार त्यातून होतात. हे ताडून पाहायचे असेल, तर हनुवटीखाली तळहात आडवा धरून ‘गवत’ म्हणा. हनुवटी हाताला दोनदा लागेल : ‘ग’, ‘वत्’. आता ‘गवतात’ म्हणा. लिहिताना एक अक्षर आणि एक काना वाढला आहे, तरीही हनुवटी दोनदाच लागते, कारण आता आपण ‘गव्’, ‘तात्’ असे म्हणतो. ‘व’ मधला ‘अ’ गेला आणि ‘त’ ला नवा स्वर मिळाला. उच्चारवर्गात मी पहिल्या दिवशी हेच करून घेतो, कारण कानाला जे पटत नाही, ते हाताला लगेच पटते.

मधला ‘अ’ जाण्यासाठी पुढे व्यंजन लागते. ‘कढई’, ‘सनई’, ‘वसई’ यांत पुढे नुसता स्वर आहे, म्हणून मधले अक्षर पूर्ण राहते. तसेच त्याच्या आधी जोडाक्षर असून चालत नाही. ‘पुस्तकात’ म्हणताना ‘त’ मधला ‘अ’ गाळून पाहा. तीन व्यंजने एकमेकांवर आदळतात आणि जीभ अडते, म्हणून तेथे तो टिकतो.

‘भारती’, ‘जनता’ यांसारख्या तत्सम शब्दांविषयी वाद होतो. माझे मत स्पष्ट आहे : गद्य वाचताना ‘भार्ती’, ‘जन्ता’ हाच मराठीचा स्वाभाविक उच्चार होय आणि शुद्धतेच्या भीतीने प्रत्येक अक्षर सुटे करून वाचल्यास श्रोत्याचे लक्ष मजकुरावरून उडून उच्चाराकडे जाते. लिहिताना मात्र ‘चट्णी’ किंवा ‘जन्ता’ असे कधीही लिहू नये.

प्रश्न : मी सातवीला मराठी शिकवतो. ‘रक्कम’चे ‘रकमेचा’, ‘छप्पर’चे ‘छपरावर’, ‘गंमत’चे ‘गमतीने’, ‘लाकूड’चे ‘लाकडाला’ हे नियम मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यांच्यामागचे कारण सांगता येईल का?

उत्तर : येईल, आणि ते सांगितलेच पाहिजे, कारण हे नियम सुटेसुटे दिसले, तरी त्यांच्या मुळाशी वर सांगितलेली एकच घडामोड आहे. शासनाने 1962 मध्ये लेखनाचे 14 नियम मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर घातली. त्यांतील सामान्यरूपाच्या, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाच्या, नियमांत ‘शब्द तीन अक्षरी असून’ अशी अट पुन्हा पुन्हा येते, ती उगाच नव्हे.

‘रक्कम’ म्हणताना ‘रक्’ वर जीभ क्षणभर थांबते आणि ‘कम्’ वर सुटते. ‘रकमेचा’ म्हणताना मधला ‘अ’ गेल्यामुळे ‘क’ च्या पाठोपाठ थेट ‘म’ येतो : रक्मेचा. दुहेरी ‘क’ ला सुटायला स्वरच उरत नाही, म्हणून तो एकेरी होतो. ‘छप्पर’चे ‘छप्रावर’, ‘अक्कल’चे ‘अक्लेने’ याच कारणाने होते. ‘गंमत’ आणि ‘किंमत’ यांतील अनुस्वार म्हणजे उच्चारात दुहेरी ‘म’च असतो, ‘गम्तीने’, ‘किम्तीला’ म्हणताना त्यातला एक ‘म’ गळतो, म्हणून लिहिताना अनुस्वारही जातो. मुलांना वर्गात ‘रक्कमेचा’ हा शब्द दहा वेळा भरभर म्हणायला लावा. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत तो आपोआप ‘रकमेचा’ होत असलेला त्यांना स्वतःच ऐकू येईल.

आता ‘लाकूड’. ‘गरीब’, ‘वकील’, ‘वसूल’ यांतील मधला स्वर दीर्घ असतो, कारण शेवटचा ‘अ’ निभृत असल्यामुळे ‘रीब्’, ‘कील्’ हाच शब्दाचा शेवटचा तुकडा ठरतो आणि उच्चार त्यावर रेंगाळतो. ‘गरिबाला’ म्हणताना भार पुढे जातो व तो स्वर आखूड होतो. परंतु पहिलेच अक्षर दीर्घ असेल, तर मधला स्वर नुसता आखूड होऊन थांबत नाही, तर त्याचा ‘अ’ होतो आणि उच्चारात तोही लोपतो : लाकूड–लाकडाला (लाक्डाला), बेरीज–बेरजेत, तारीख–तारखेला, देऊळ–देवळात. शिक्षकाने ‘पाटील–पाटलांना’ ही जोडी फळ्यावर सर्वांत वर लिहावी. ती चुकीची म्हणणारे मूल सहसा सापडत नाही आणि तिच्या आधाराने बाकीच्या जोड्या लक्षात राहतात. ‘जाणीव–जाणिवेने’, ‘मोहीम–मोहिमेत’, ‘शाहीर–शाहिराला’ हे अपवाद आहेत. शेवटच्या दोहोंत मध्ये ‘ह’ आहे आणि ‘मोह्मेत’ असे म्हणून पाहिल्यास तेथे ‘इ’ का टिकला, ते जिभेलाच कळते.

प्रश्न : ‘समज’ आणि ‘समाज’ यांतील ‘ज’ वेगळा का?

उत्तर : ‘समाज’ तत्सम आहे, म्हणून त्याचा ‘ज’ तालव्य, म्हणजे ‘जीवन’मधल्यासारखा. ‘समज’ मराठीत घडलेला शब्द आहे. त्याचा ‘ज’ दंततालव्य, ‘जमीन’मधल्यासारखा. लिपीत यासाठी वेगळी खूण नाही, त्यामुळे शब्द ऐकूनच शिकावा लागतो. ‘इ’ किंवा ‘ई’ पुढे असेल तर मात्र उच्चार नेहमी तालव्यच होतो : ‘माझा’ दंततालव्य, ‘माझी’ तालव्य.

प्रश्न : वृत्तांचे गण शिकताना ‘नमन’ म्हणजे तीन लघू (आखूड) आणि ‘समरा’ म्हणजे दोन लघू व एक गुरू (लांब) असे सांगितले जाते. पण आपण तर ‘नमन्’ आणि ‘सम्रा’ म्हणतो. मग गण चुकत नाहीत का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. बोलण्यातल्या उच्चाराप्रमाणे लघू-गुरू लावले, तर ‘नमन्’ म्हणजे एक लघू व एक गुरू आणि ‘सम्रा’ म्हणजे दोन गुरू होतील. पण गण ही तीन अक्षरांची मापे आहेत. लघू-गुरूंच्या आठ जुळण्या होतात, म्हणून गण आठ, आणि ती मापे प्रत्येक ‘अ’ उच्चारणाऱ्या संस्कृतातून आलेली आहेत. मराठी पद्याने मापांबरोबर तो उच्चारही स्वीकारला. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. ‘यमाचा’ हा गण चार वेळा घेतला की त्याचा 12 अक्षरांचा चरण भरतो. ते श्लोक म्हणणारे लहान मूलही, कोणी न सांगता, चरणातल्या प्रत्येक अकाराला त्याची पूर्ण मात्रा देते आणि श्लोक संपवून बोलू लागले की पुन्हा ‘मन्’ म्हणते. अभंगातही, वृत्त निराळे असले तरी, मोजणी कागदावरच्या अक्षरांचीच : मोठ्या अभंगात 6, 6, 6 आणि 4. भजनात संथ लयीत ‘विठ्ठल’ म्हटले जाते, तेव्हा बोलताना न ऐकू येणारा शेवटच्या ‘ल’ मधला ‘अ’ टाळ वाजेपर्यंत लांबवलेला ऐकू येतो. तेव्हा गण पाडताना लिहिलेले अक्षर प्रमाण मानावे, पद्य म्हणताना ते पूर्ण उच्चारावे आणि त्याच ओळीचा अर्थ गद्यात सांगताना निःसंकोच ‘नमन्’ म्हणावे.