निसर्ग संवर्धनाच्या कार्यकर्त्यांना आपलं काम गोष्टीतून सांगायला कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की संस्थेतली पोरं वर्षभर रानात राबतात, पण देणगीदार किंवा ग्रामसभा समोर आली की नुसते आकडे वाचतात. त्यांना गोष्ट सांगायला कसं शिकवायचं?

मी नाशिक भागात अशी प्रशिक्षणं घेते. गोष्ट यांना येतेच. टपरीवर चहा पिताना हीच मंडळी तासभर रंगवून सांगतात, माईक हातात आला की अहवाल सुरू होतो. म्हणून मी कुणाला लिहायला बसवत नाही, प्रश्न विचारत सुटते.

निफाडकडे ऊसतोड लागली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. प्रशिक्षणात एका कार्यकर्त्यानं अशाच घटनेचा अहवाल वाचून दाखवला, ‘दोन बछड्यांचे मादीशी यशस्वी पुनर्मीलन.’ झालं, संपलं. विचारलं, फोन कुणी केला? मुकादमानं. पिल्लं ठेवली कशात? टोमॅटोच्या कॅरेटमध्ये. कुठे? सापडली त्याच सरीत, अंधार पडायच्या आधी. तोवर टोळी काय करत होती? तेव्हा कुठे तो म्हणाला, ‘शेतकऱ्यानं टोळी दुसऱ्या टोकाला लावली ना. कारखान्याची गाडी उभी होती तरी.’

हे अहवालात नव्हतंच! पिल्लं उचलून न्यायला मादी बहुतेक वेळा आपसूक येते. पण शेतकऱ्यानं तेवढा ऊस उभा ठेवला, ‘पिंजरा लावा’ म्हणून हट्ट धरला नाही, हा तुमच्या कामाचा परिणाम. गोष्ट त्या निर्णयाभोवती बांधायची. दोन वर्षांपूर्वी तोच माणूस काय म्हणत होता तेही विचारून घ्या, नाहीतर बदल दिसणार कसा?

श्रेयाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ‘आम्ही गिधाडं वाचवली’ हे वाक्य मी खोडते. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली, आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर देशभर बंदी आली. ते काही एका संस्थेचं काम नाही. हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली ढोरं टाकायची जागा आहे. तिथे ढोर मेल्यावर कुणी आपणहून निरोप धाडला, तर ते सांगा. छोटं आहे, पण तुमचं आहे.

अंजनेरीच्या डोंगरावरच्या कंदीलपुष्पाची, म्हणजे तिथल्या दुर्मिळ फुलझाडाची, किंवा गिधाडांच्या घरट्याची नेमकी जागा गोष्टीत नको, फोटोतलं लोकेशनही बंद. शेतकऱ्याचं नाव त्याला विचारूनच घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी बांधावर बघ्यांची जत्रा.

आणि तपशील त्याच रात्री व्हॉइस नोटमध्ये बोलून ठेवायला लावा. महिन्याअखेर कुणाला कॅरेट आठवत नाही.

देणगीदारांसमोर कार्यकर्त्यानं बोलावं. ग्रामसभेत त्या शेतकऱ्यालाच उभं करा. सरपंच मधे मधे तोंड घालतील, घालू द्या.