वकील करावा, पण कुठल्या टक्क्यांसाठी?

प्रश्न : वकीलकाका, सा. न. माझे यजमान पीथमपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, मुळापासून गेली. त्याच्या शेजारचं बोट डॉक्टरांनी वाचवलं, पण ते वळत नाही. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) मेडिकल बोर्डानं २० टक्के ठरवले, तसं पत्र नुकतंच आलं. ओळखीतून एक वकील भेटले. म्हणाले, "चाळीस टक्के करून देतो, जे मिळेल त्याचा चौथा हिस्सा माझा." मूळ कागद आणि सही केलेले दोन कोरे चेक मागताहेत. कंपनीनं यांना आता स्टोअरमध्ये बसवलंय, तर नोकरी आहे म्हणून पेन्शन बंद होईल अशीही भीती कुणी घातली आहे. दीर म्हणतात, वकिलाची गरजच काय. तुम्हीच सांगा. — एक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी ते चेक देऊ नका. दिले असतील तर आजच बँकेत जाऊन पेमेंट थांबवा. मग पुढचं वाचा.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द 'वळत नाही' हा आहे, आणि त्या वकीलसाहेबांनी त्याबद्दल काही विचारल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली हे छापलेलं आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. बोर्डानं तुमच्या यजमानांची तुटलेली बोटं मोजली आणि २० लिहिले. पण त्याच परिशिष्टाला एक टीप आहे : अवयव जागेवर असला, पण त्याचा उपयोग पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो गेलाच असं धरायचं. म्हणजे तुमचं भांडण २० विरुद्ध ३० असं आहे. हे ४० कुठून आले?

मला वाटतं कुठून आले ते सांगतो. सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळतं, त्यात ४० टक्क्यांची रेघ महत्त्वाची असते. नोकरीतलं आरक्षण आणि बऱ्याच सरकारी योजना त्या रेघेपासून सुरू होतात. ते टक्के शरीराचे. ईएसआयचे टक्के कमाईच्या ताकदीचे. दोन्ही कागदांवर टक्केच असतात म्हणून लोक घोळ घालतात, आणि हा घोळ काही काळे कोटवालेही घालतात. ज्याला हा फरक माहीत नाही त्याच्याकडे जाऊ नका, आणि ज्याला माहीत असून 'करून देतो' म्हणतो त्याच्याकडे तर मुळीच नको.

आता पैशाचं. ईएसआयचा अपंगत्वाचा लाभ, म्हणजे तुम्ही लिहिलेली पेन्शन, रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्क्यांवर मोजतात. समजा मजुरी ६०० रुपये पडते. पूर्ण दर झाला ५४०. त्याचे २० टक्के म्हणजे रोजचे १०८ आणि ३० टक्के म्हणजे १६२. महिन्याला सोळाशेच्या वर फरक, आणि तोही आयुष्यभर. चौथाई मागणारे हे पुरतं ओळखून असतात. नोकरीची भीती काढून टाका, कायमच्या अपंगत्वाचा हा लाभ नोकरी चालू असली तरी मिळत राहतो. आणखी एक, 'कंपनीवर वेगळा भरपाईचा दावा लावू' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. ज्या इजेला ईएसआय लागू आहे, त्याच इजेसाठी कर्मचारी भरपाईच्या तरतुदींखाली पुन्हा मागता येत नाही.

तर मग वकील हवा का? दिरांचं निम्मं बरोबर आहे. बोर्डापुढे जाईपर्यंत वकिलाचं काही काम नव्हतं. आता बोर्डाच्या निर्णयावर अपील करायचं आहे, ते मेडिकल अपील ट्रिब्यूनलकडे किंवा सरळ कर्मचारी विमा न्यायालयात. तिथं परिशिष्ट, टीप आणि डॉक्टरांचा कागद यांची सांगड घालणारा माणूस लागतो. तो वकीलच असला पाहिजे असं नाही, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही लेखी अधिकारपत्र घेऊन तुमच्या वतीनं उभा राहू शकतो. ईएसआयच्या नियमांत अपिलाची मुदत निर्णय कळल्यापासून तीन महिने अशी चालत आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा जुन्या नियमांतल्या मुदतीवर विसंबून तिच्या काठावर जाऊ नका. याच महिन्यात अपील लावा.

वकिलाच्या आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. 'बोट ताठ आहे' एवढ्या कागदावर काही होत नाही. बोटाचा कुठला सांधा किती अंशापर्यंत वळतो, वळतच नाही का, आणि यापुढे सुधारणा होणार नाही, हे आकड्यांत लिहून घ्या. बोट थोडंफार वळत असेल तर 'पूर्णपणे' या शब्दावर सगळं अडेल, तेही आधीच कळलेलं बरं. सोबत यजमानांना एका कागदावर लिहायला सांगा : पाना धरता येतो का, मुठीत हातोडा राहतो का, प्रेसची डाय (साचा) बदलताना आधी दोन्ही हात कसे लागत. सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ च्या रिपोर्टात छापलेला एक निकाल आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टात बघितलं तर टक्के कमी होते, पण एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही म्हणून त्याचं नुकसान पूर्ण १०० टक्के धरलं गेलं. तो निकाल भरपाईच्या कायद्यातला, तुमच्या प्रकरणाला जसाच्या तसा बसेल असं नाही. पण त्यात माणूस काम काय करत होता हा प्रश्न विचारला गेला, आणि तुमच्या वकिलानं पहिल्या भेटीत तोच विचारायला हवा.

फीबद्दल स्पष्ट सांगतो. निकालावर फी ठरवणं आणि मिळालेल्या रकमेत हिस्सा घेणं, दोन्ही बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. कोर्टाच्या आवारात हे सर्रास चालतं, मुन्शीच भाव सांगतो, हे मला नवं नाही. म्हणून ते कायदेशीर होत नाही. फी रुपयांत ठरवा : अपील दाखल करताना इतकी, साक्षीपुरावा झाल्यावर इतकी, आणि प्रत्येक वेळी पावती. वकीलपत्र वाचून सही करा, कोऱ्या कागदावर नाही. मूळ कागद घरच्या कपाटात ठेवा, वकिलाला झेरॉक्स द्या, मूळ प्रती पेशीच्या दिवशी स्वतः घेऊन जा. तरी एखादी फाइल अडकलीच, तर फी बाकी आहे म्हणून वकील पक्षकाराचे कागद अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे २००० साली सांगितलं, आणि ते प्रकरणही आपल्या मध्य प्रदेशातलंच होतं.

फी देणं जड जात असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अपंगत्वाचा दाखलाही त्यासाठी लागत नाही. फोन १५१००. फुकटचा वकील लक्ष घालत नाही असं लोक म्हणतात. काही घालत नाहीत, खरं आहे. पैसे घेणारेही सगळे कुठे घालतात? नेमून दिलेला वकील टाळाटाळ करू लागला तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून दुसरा मागा.

प्रश्न : दिवाळीत फटाक्यानं माझ्या भावाच्या एका डोळ्याची नजर कायमची गेली. त्याच्या खात्यातून दरवर्षी विम्याचे २० रुपये कापले जातात. त्यासाठी वकील करावा का? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नको. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असणार, पासबुकातली नोंद बघून घ्या. अपघातात एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर त्यात १ लाख रुपये मिळतात. खातं ज्या शाखेत आहे तिथूनच दाव्याचा फॉर्म घ्या, दवाखान्याचे कागद आणि सिव्हिल सर्जनचा दाखला जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. विमा कंपनीनं नाकारलं तर नकार लेखी मागा आणि कंपनीच्याच तक्रार विभागाकडे एकदा लिहा. तिथंही नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. तिथं फी नाही, आणि वकिलाला उभंच राहू देत नाहीत. भावानं स्वतः बोलायचं.