ज्याच्यावाचून चालतं त्या ग्लायकोफोरिनवर एवढं संशोधन का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करतेय. तिचा प्रोजेक्ट तांबड्या पेशीवरच्या ग्लायकोफोरिन-ए नावाच्या प्रोटीनवर आहे. नेटवर वाचलं की हे प्रोटीन अजिबात नसलेली माणसंही ठणठणीत असतात. मग त्याच्यावर एवढा खटाटोप कशासाठी? आणि त्यावरून एम आणि एन असे रक्तगट ठरतात म्हणे, आमच्या रिपोर्टवर तर ते कधी दिसले नाहीत. – एक पालक, बार्शी

उत्तर : तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. फिनलंड, इंग्लंडमध्ये अशी मोजकी माणसं सापडली ज्यांच्या तांबड्या पेशींवर हे प्रोटीन नाहीच, आणि त्यांना त्याचा काही त्रास नाही. पण शरीराला एखादी गोष्ट किती लागते आणि लॅबमध्ये ती किती कामाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नात ग्लायकोफोरिनचा नंबर फार वरचा लागतो.

आधी ते आहे कसं ते बघू. १३१ अमिनो आम्लांची एक साखळी, पेशीच्या पडद्यातून एकदाच आरपार गेलेली, आणि बाहेरचा भाग ज्वारीच्या कणसासारखा साखरेच्या साखळ्यांनी लगडलेला, इतका की वजनाच्या साधारण ६० टक्के साखरच भरते. त्या साखळ्यांच्या टोकाला सियालिक ॲसिड असतं, त्याचा ऋण भार असतो, म्हणून तांबड्या पेशी एकमेकींना दूर ढकलतात आणि सहसा चिकटत नाहीत. एकेका पेशीवर ही रेणूंची गर्दी लाखांत असते. येल विद्यापीठात टोमिता आणि मार्केसी यांनी १९७५ साली याचा अमिनो आम्लांचा क्रम छापला, पडद्यातून आरपार जाणाऱ्या प्रोटीनचा असा क्रम लागण्याची ती पहिलीच वेळ. ग्लायकोफोरिनचे दोन रेणू पडद्याच्या आतच एकमेकांना घट्ट धरतात, एवढे की डिटर्जंटमध्ये टाकून जेलवर पळवलं (लॅबमध्ये प्रोटीनं आकारमानाप्रमाणे वेगळी करायची ही रीत) तरी जोडी बऱ्याच अंशी टिकते, आणि साखळीतलं ८३ नंबरचं अमिनो आम्ल, ग्लायसीन, बदलून तिथे आयसोल्युसीन घातलं की ती सुटते. पडद्यातली प्रोटीनं एकमेकांना कशी शोधतात हे शिकायला आजही हेच उदाहरण घेतात.

मला स्वतःला यातला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो हिरोशिमाचा. या प्रोटीनची एम आणि एन अशी दोन रूपं असतात. ज्याला आईकडून एमचा जीन आणि बापाकडून एनचा मिळालाय (किंवा उलट), त्याच्या प्रत्येक तांबड्या पेशीवर दोन्ही रूपं असतात. आता एम ओळखणारी अँटीबॉडी एका रंगाची, एन ओळखणारी दुसऱ्या रंगाची लावायची आणि फ्लो सायटोमीटर म्हणजे एकेक पेशी रंगावरून तपासणाऱ्या मशीनमधून लाखो पेशी सोडायच्या, ज्या पेशीवर एकच रंग दिसेल तिच्या मूळ पेशीतला एक जीन बिघडलाय असं समजायचं. एरवी अशा पेशी दहा लाखांत साधारण दहाच्या आसपास सापडतात. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबच्या लोकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर अणुबॉम्बमधून वाचलेल्यांचं रक्त असं तपासलं, तर ज्याला किरणोत्सर्ग जास्त लागला होता त्याच्यात अशा पेशी जास्त निघाल्या. आणि हे स्फोटानंतर चाळीस वर्षांनी! तांबडी पेशी जगते जेमतेम १२० दिवस, म्हणजे तो बिघाड पेशीतला नव्हताच, बोनमॅरोतल्या मूळ पेशींत तो एवढी वर्षं जपला गेला होता. नंतर चेर्नोबिलच्या सफाई कामगारांवरही हीच टेस्ट वापरली. फक्त दोन्ही रूपं असलेल्या माणसांवरच ती चालते, ही तिची मर्यादा.

दुसरं काम मलेरियाचं. फाल्सिपॅरम या घातक मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना ईबीए-१७५ नावाच्या स्वतःच्या प्रोटीनने ग्लायकोफोरिनवरचं सियालिक ॲसिड पकडतो. या ईबीएचा नेमका कुठला तुकडा पकड घेतो हे १९९४ साली दाखवणाऱ्यांत शास्त्रज्ञ चेतन चिटणीस होते, ज्यांनी पुढे दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेत त्या तुकड्यावरून लस बनवायला घेतली आणि तिची पहिल्या टप्प्याची चाचणी भारतात झालीसुद्धा. गडचिरोलीत आजही फाल्सिपॅरम माणसं मारतो, म्हणून हे काम आपल्याला लांबचं नाही. अडचण एवढीच की परजीवीच्या काही जाती सियालिक ॲसिड सोडून पेशीवरच्या दुसऱ्या रिसेप्टरवरूनही (पकडीच्या जागेवरूनही) आत जातात, त्यामुळे एकट्या ईबीएवर भागेल असं मला वाटत नाही.

तुमच्या मुलीच्या लॅबमध्ये मात्र बहुतेक हे सीडी२३५ए या नावाने चालत असेल. नमुन्यातल्या तांबड्या पेशी कुठल्या हे ओळखायला त्याची रंगीत अँटीबॉडी लावतात, स्टेम सेलपासून तांबड्या पेशी बनवताना किती मजल गेली हे बघायलाही तीच. पीएनएच या रक्ताच्या आजाराच्या टेस्टमध्ये तर याची गंमत बघा, त्या आजारात सीडी५९ नावाचं दुसरं प्रोटीन पेशीवरून गायब होतं कारण ते एका चरबीच्या दोरीने बांधलेलं असतं आणि ती दोरीच बनत नाही, ग्लायकोफोरिन पडद्यातून आरपार असल्याने जागेवरच राहतं, म्हणून आधी त्याच्यावरून तांबड्या पेशी धरायच्या आणि मग त्यांच्यात सीडी५९ नसलेल्या मोजायच्या. फक्त अँटीबॉडी जास्त पडली की पेशींच्या गुठळ्या होतात आणि आकडे चुकतात, म्हणून ती बेताने घालतात आणि मशीनला लावायच्या आधी ट्यूब रॅकवर खरखर घासून पेशी सुट्या करतात. मुलीला विचारा, हा आवाज ती रोज ऐकत असेल.

राहिला एम-एनचा प्रश्न. हे गट लँडस्टायनर आणि लेव्हाईन यांनी १९२७ मध्येच शोधले, फरक साखळीतल्या पहिल्या आणि पाचव्या अशा फक्त दोन अमिनो आम्लांचा. ए-बी-ओ मध्ये समोरच्या गटाविरुद्धच्या अँटीबॉडीज आपल्या रक्तात आधीच तयार असतात, एम-एनच्या सहसा नसतात आणि असल्या तरी बहुतेक वेळा थंड तापमानालाच काम करतात. म्हणून रक्त देताना नेहमीच्या रिपोर्टमध्ये ते बघत नाहीत, क्रॉसमॅच (देणाऱ्याचं रक्त घेणाऱ्याच्या रक्ताशी जुळवून बघायची टेस्ट) जुळला नाही किंवा गरोदरपणात अँटीबॉडी सापडली तर मात्र ब्लडबँक मुद्दाम तपासते.