चीजकेक: केक की पाय?

प्रश्न: चीजकेकची गणना केकमध्ये करायची की पायमध्ये (pie, म्हणजे तळाच्या थरावर सारण भरून भाजलेला पदार्थ)? आणि केकसारखाच भाजला तरी त्याला वरून भेग का पडते?

उत्तर: केकसारखा भाजता, म्हणूनच भेग पडते. न्यूयॉर्क पद्धतीच्या चीजकेकमध्ये मैदा नसतो किंवा नाममात्र असतो. क्रीम चीज, साखर आणि अंडी यांचं मिश्रण अंड्यातल्या प्रथिनांमुळे घट्ट होतं. म्हणजे ते कस्टर्ड आहे, आणि खाली बिस्किटांचा थर असल्यामुळे आमच्या मते तो टार्टच्या, पर्यायाने पायच्या कुळातला. क्वार्क (दह्यासारखं मऊ, ताजं चीज) वापरून केलेला जर्मन प्रकारही तसाच. जपानी चीजकेकमध्ये मात्र अंड्याच्या पांढऱ्याचा फेस आणि थोडा मैदा असतो. तो खराखुरा केक. स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातल्या ‘ला विन्या’ या रेस्तराँमधून प्रसिद्ध झालेल्या बास्क चीजकेकला तळाचा थरच नसतो. तो २२० अंशांच्या आसपास, वरचा भाग काळपट होईपर्यंत भाजतात.

आता भेगेबद्दल. मध्यभागी काडी खुपसून ती कोरडी निघण्याची वाट पाहिली, तर चीजकेक जास्त भाजला गेलाच म्हणून समजा. प्रथिनं आकसतात, कडा भांड्याला चिकटलेल्या असतात आणि पृष्ठभाग फाटतो. २० सेंटिमीटरच्या भांड्यासाठी ६०० ग्रॅम क्रीम चीज, १५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम सावर क्रीम (आंबवलेलं क्रीम) आणि ३ अंडी घ्या. चीज आणि अंडी फ्रिजबाहेर काढून आधी सामान्य तापमानाला येऊ द्या. गार चीजच्या गुठळ्या नंतर मोडत नाहीत. अंडी सर्वांत शेवटी, एकेक करून, हलक्या हाताने मिसळा. जोरात फेटलं की हवा शिरते, चीजकेक फुगतो आणि मग खचतो. भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १६० अंशांवर साधारण तासभर भाजा. कडा घट्ट झाल्या आणि मधला ५ सेंटिमीटर भाग थरथरत असला, की ओव्हन बंद करा. दार किंचित उघडं ठेवून तासभर आतच राहू द्या, बाहेर काढल्यावर कडेने सुरी फिरवा आणि किमान ६ तास फ्रिजमध्ये ठेवा.

प्रश्न: न भाजता केलेला चीजकेक कापताना पसरतो. काय चुकतं?

उत्तर: त्यात अंडं नसतं, त्यामुळे आधार फेटलेल्या क्रीमचा आणि जिलेटिनचा. क्रीम घट्ट टोकं उभी राहीपर्यंत फेटा. कमी स्निग्धांशाचं चीज टाळा, त्यात पाणी जास्त असतं. ५०० ग्रॅम चीजला १० ग्रॅम जिलेटिन ५० मिलिलिटर गार पाण्यात भिजवून, न उकळता विरघळवा. ते थेट गार चीजमध्ये ओतलं तर तारा धरतात. आधी त्यात दोन चमचे चीज कालवा, मग ते उरलेल्या मिश्रणात घाला.