नोंदीचे शीर्षक कसे ठरवावे?

प्रश्न : आम्ही काही मंडळी मिळून लिंगभाव ओळखींचा मराठी कोश लिहीत आहोत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या सेवेतील जोगप्पांची (पुरुष म्हणून जन्मून स्त्रीवेशात देवीची सेवा करणाऱ्या भक्तांची) नोंद ‘तृतीयपंथी’ या शीर्षकाखाली घ्यावी का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : घेऊ नये. जोगप्पा ही देवीच्या सेवेशी बांधलेली स्वतंत्र परंपरा आहे. म्हणून तिची नोंद वेगळी करावी, शीर्षक समाज स्वतः वापरतो तेच ठेवावे आणि ‘जोगाप्पा’सारखी लेखनभेदाची रूपे त्याच नोंदीकडे वळवावीत. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला, त्यामुळे व्यक्तीच्या नोंदीतही तिने स्वीकारलेलेच नाव द्यावे. जुने नाव तिने स्वतः जाहीर केले नसेल, तर ते कंसातही नको. याबाबत मी आग्रही आहे.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मराठीत तीही लिंग उघड करतात. २०२१ च्या पद्मश्रीच्या मानकरी, याच परंपरेतील लोककलावंत मंजम्मा जोगती स्वतःला स्त्री मानतात; म्हणून त्यांच्याविषयी ‘त्या कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या’ असेच लिहावे. एखाद्या व्यक्तीची पसंती ठाऊक नसेल आणि विचारणेही शक्य नसेल, तर ‘ते म्हणाले’ किंवा ‘त्या म्हणाल्या’ टाळून ‘त्यांनी सांगितले’ अशी रचना करावी.