गाठ तर निघाली, मग डीएफएसपीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया कशाला?

तुमच्या भावाच्या खांद्यावरची गाठ चरबीची समजून काढली, रिपोर्टमध्ये मात्र ‘डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स’ (डीएफएसपी, कातडीचा एक दुर्मीळ कर्करोग) आले, आणि जखम भरलेली असताना सर्जन पुन्हा शस्त्रक्रिया सुचवत आहेत. ती टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. काढलेल्या तुकड्याच्या कडांपर्यंत ट्यूमर असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले असेल, तर ती टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या कामात अशा स्लाइड अधूनमधून समोर येतात. गाठीचा मधला भाग दाट असतो. खरी अडचण कडेला असते. तिथे लांबट, बारीक पेशी चरबीच्या पेशींमधून वाट काढत पसरतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. हा पसारा बोटाला लागत नाही, त्यामुळे ‘गाठ पूर्ण निघाली’ असे सर्जनना प्रामाणिकपणे वाटले, तरी पेशी मागे राहिलेल्या असू शकतात.

सीडी३४ ही पेशींवरील एका प्रथिनाची चाचणी या ट्यूमरमध्ये बहुधा पॉझिटिव्ह येते. डर्मॅटोफायब्रोमा या कातडीच्या निरुपद्रवी गाठीमध्ये सहसा येत नाही. तरीही शंका उरली, तर १७ आणि २२ या गुणसूत्रांवरील जनुकांचा सांधा (ती एकमेकांना जोडली गेली आहेत का, ते) ‘फिश’ या जनुकीय तपासणीने शोधतात. रिपोर्टमध्ये ‘फायब्रोसार्कोमेटस’ हा शब्द आहे का, तेही पाहा, कारण त्या प्रकारात आजार फुप्फुसांपर्यंत जाण्याचा धोका वाढतो. एरवी हा ट्यूमर दूर क्वचितच पसरतो, पण त्याच जागी पुन्हा उगवण्यात हट्टी असतो.

म्हणून आधी एमआरआय करून, जुन्या व्रणाभोवती साधारण २ ते ३ सेंटीमीटर कातडी खालच्या फॅशियासह (स्नायूंवरील पातळ आवरणासह) काढतात. मोह्ज शस्त्रक्रियेची (थराथराने काढून प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची) सोय असेल, तर सगळ्या कडा टप्प्याटप्प्याने तपासता येतात. कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप (शेजारच्या कातडीचा तुकडा) फिरवून जखम बंद करू नये, हे सर्जनशी आधीच बोलून ठेवा. फ्लॅप एकदा फिरला की उरलेला ट्यूमर नेमका कुठे होता, ते शोधणे फार अवघड होते. इमॅटिनिब गोळ्या शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा पसरलेल्या आजारासाठी आहेत, आणि त्याही तो जनुकीय सांधा असेल तरच उपयोगी पडतात.

परळच्या टाटा मेमोरियलला किंवा अन्य कर्करोग केंद्रात दुसरे मत घेणार असाल, तर स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) प्रयोगशाळेतून मागून न्या. नुसत्या स्लाइडवर नव्या चाचण्या करणे बहुधा जमत नाही, आणि ब्लॉकसाठी पुन्हा हेलपाटा पडतो.