सालोमों रेनाक: मोठा विद्वान की दोनदा फसलेला गृहस्थ?

तुमचा प्रश्न असा: पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मिरिना या प्राचीन ग्रीक नगरातल्या मातीच्या मूर्ती पाहिल्या, उत्खननकर्त्यांत सालोमों रेनाक या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाचं नाव वाचलं, घरी येऊन शोधलं तर सगळीकडे बनावट मुकुट आणि ग्लोझेलचं प्रकरण, मग या माणसाला मानायचं की नाही? एका ओळीत उत्तर द्यायचं तर, मानायचं, पण त्याच्या सिद्धांतांसाठी नाही. आता सविस्तर सांगतो.

जन्म 1858, पॅरिसजवळच्या सँ-जेर्मँ-आँ-लेमध्ये. वडील फ्रँकफर्टहून आलेले ज्यू बँकर, त्यामुळे पैशाची ददात नाही. तीन भाऊ: जोसेफ, सालोमों, थिओडोर. तिघेही अफाट हुशार. आद्याक्षरं जे, एस, टी. त्यावरून पॅरिसच्या लोकांनी ‘झ से तू’, म्हणजे ‘मला सगळं ठाऊक आहे’, असं त्यांचं नाव पाडलं. टोपणनाव खोचक, पण अगदीच खोटं नव्हतं. जोसेफ राजकारणात गेला, देशद्रोहाचा खोटा आरोप झालेल्या द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या बाजूने लढला आणि त्या खटल्याचा सात खंडांचा इतिहास लिहिला. थिओडोर नाणेतज्ज्ञ, समुद्रकाठी हुबेहूब ग्रीक वाडा बांधून घेण्याइतकं त्याचं ग्रीकवेड.

आपला सालोमों मधला. विशीच्या आत जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या एका निबंधाचा फ्रेंच अनुवाद, बाविशीत अभिजात (म्हणजे ग्रीक-लॅटिन) भाषाशास्त्राच्या हस्तपुस्तिकेचा पहिला भाग. 1879 मध्ये अथेन्सच्या फ्रेंच संस्थेत दाखल झाला आणि तिथून एदमों पोत्तिएबरोबर मिरिनाला गेला. हे ठिकाण स्मर्नाच्या, म्हणजे आजच्या इझमिरच्या, उत्तरेला. 1880 ते 1882 या काळात तिथे काही हजार कबरी उघडल्या गेल्या. तुम्ही पाहिलेले पंखवाले एरोस (ग्रीकांचा प्रेमदेव) आणि पदर सावरणाऱ्या बायका मृतांबरोबर पुरलेल्या होत्या. त्याआधी अशा मूर्ती म्हटलं की ग्रीसमधलं तानाग्रा आठवायचं, आणि तिथला बराच माल कबरी लुटणाऱ्यांकडून बाजारात आलेला; कुठल्या कबरीत काय होतं याचा पत्ता नाही. मिरिनात कबर आणि तिच्यातल्या वस्तू यांची सांगड घालून नोंद झाली. आल्फॉन्स व्हेरी हा तिसरा तरुण सहकारी तिकडेच वारला. 1887 चा अहवाल हे रेनाकचं बहुधा सर्वांत भक्कम काम. एकट्याने केलेलं नव्हतं, हेही त्याचं एक कारण असावं.

पुढे गावच्याच राष्ट्रीय पुरावस्तू संग्रहालयात नोकरी आणि 1902 पासून तिथलं संचालकपद. ग्रीकचा पंडित, आणि ताब्यात आली गॉलमधली, म्हणजे प्राचीन फ्रान्समधली, दगडी हत्यारं आणि कांस्याच्या वस्तू. पण गडी दबला नाही, दोन्हीकडे लिहीत राहिला.

आता मुकुट. 1896 मध्ये लूव्रने दोन लाख फ्रँक मोजून सोन्याचा मुकुट घेतला. काळ्या समुद्रावरच्या ओल्बिया या ग्रीक नगराने सैताफार्नेस राजाला अर्पण केल्याचा लेख त्यावर होता. तातडीने पैसे उभे करण्यात थिओडोरचा हात होता, त्यामुळे रेनाक हे नाव प्रकरणाला कायमचं चिकटलं. म्युनिकच्या फुर्टव्हेंग्लर या पुरातत्त्वज्ञाने लगेच सांगितलं, हे नवं काम आहे. फ्रान्समध्ये त्याला जर्मन मत्सर म्हटलं गेलं. अखेर 1903 मध्ये ओडेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की पॅरिसला आला आणि क्लेर्माँ-गानो या फ्रेंच विद्वानाच्या चौकशीपुढे मुकुटाचा एक भाग पुन्हा घडवून दाखवला. त्याचं म्हणणं, एका पुराणवस्तूवेड्याला भेट द्यायची म्हणून दलालांनी काम दिलं होतं. लूव्रची अब्रू गेली, सोनाराचं मात्र नाव झालं. हे सगळं द्रेफ्यूस प्रकरण पेटलेलं असताना. ज्यू कुटुंबाचं नाव हाती लागल्यावर तिथली ज्यूद्वेषी वर्तमानपत्रं काय करणार, ते वेगळं सांगायला नको. म्हणून त्या काळची टीका वाचताना जरा सांभाळून.

ग्लोझेलमध्ये मात्र कुणा भावाकडे बोट दाखवता येत नाही. 1924 मध्ये व्हिशीजवळच्या या वस्तीत एमिल फ्रादँ या शेतकरी पोराची गाय शेत नांगरताना खड्ड्यात अडकली. खालून विटांचा खड्डा निघाला, आणि मग निघतच राहिलं: हाडं, मडकी, अक्षरांसारख्या खुणा असलेल्या मातीच्या पाट्या. रेनाक 1926 मध्ये तिथे गेला आणि हे अस्सल नवाश्मयुगीन आहे असं ठासून सांगू लागला. 1927 ला आलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने थोडंफार सोडता प्राचीन काही नाही असा निर्वाळा दिला, तरी हा हटला नाही.

का हटला नाही, याचं उत्तर 1893 मध्ये आहे. त्या वर्षी त्याने ‘पौर्वात्य मृगजळ’ नावाचा निबंध लिहिला. युरोपात जे जे चांगलं ते पूर्वेकडून आलं हा भ्रम आहे, असा त्याचा दावा. आर्यांच्या मूळस्थानाच्या वादावर त्याचं पुस्तक आदल्याच वर्षी येऊन गेलं होतं. (काळ लक्षात यावा म्हणून: टिळकांचं ‘ओरायन’ही 1893 चंच. हा विषय तेव्हा सगळीकडेच तापलेला होता.) आता तीस वर्षं हे मत घेऊन बसलेल्या माणसापुढे ऐन फ्रान्सच्या मातीतून, पूर्वेच्या लिपींआधीची म्हणवली जाणारी लिपी वर येते. हवं तेच पुढ्यात आल्यावर त्याने हात मागे घेतला नाही. पुढे 1970 च्या दशकात तापदीप्ती पद्धतीने (भाजलेली माती शेवटची कधी तापली ते मोजून) ज्या तारखा निघाल्या, त्या त्याच्या नवाश्मयुगाशी जुळत नाहीत आणि ‘सगळं त्या पोराने बनवलं’ म्हणणाऱ्यांशीही नाही. तो घोळ वेगळाच आहे.

गुहाचित्रांचंही तसंच. 1903 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियातल्या अरुंता लोकांच्या विधींवरून मांडलं की हिमयुगातल्या माणसाने शिकार वाढावी म्हणून प्राणी रंगवले, म्हणजे हा जादूटोणा. कल्पना इतकी सुटसुटीत की अर्धं शतक चालली. पण फ्रान्समधल्या लास्को गुहेत खाऊन टाकलेली हाडं बहुतेक रेनडिअरची आणि भिंतीवर घोडे आणि बैल. खायचं एक आणि चितारायचं दुसरंच, हे त्या कल्पनेत बसत नाही.

मग मानायचं कशासाठी? ज्या पुस्तकांबद्दल कुणी वाद घालत नाही त्यांच्यासाठी. ग्रीक-रोमन शिल्पांच्या चित्रांचे खंड तेव्हा अवाढव्य आणि महाग. क्लाराक या विद्वानाचा जुना चित्रसंग्रह घ्यायचा तर श्रीमंतच हवा. रेनाकने 1897 मध्ये तो खिशात मावेल अशा आकारात, साध्या रेखाचित्रांत छापला आणि पुढे तीस वर्षं भर घालत नेला. शिल्पांनंतर रंगवलेल्या मडक्यांचे, उठावशिल्पांचे, भित्तिचित्रांचेही तसेच खंड. रेखाटनं ओबडधोबड आहेत, तपशिलाला त्यांच्यावर विसंबू नये. पण छोट्या गावातल्या अभ्यासकाला हजारो मूर्ती टेबलावर मिळाल्या. कंटाळवाणं, हमालीचं काम, आणि ते या ‘मला सगळं ठाऊक’वाल्याने केलं.

सुरुवात करायची तर ‘अपोलो’ घ्या. लूव्रच्या विद्यालयातली पंचवीस व्याख्यानं, 1904 चं पुस्तक. माझी इंग्रजी प्रत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरची, पाठपुठ्ठा सुटलेली. ‘ऑर्फियस’ (1909) नंतर वाचा आणि चिमटीभर मीठ घेऊन वाचा: धर्म म्हणजे आपल्या शक्तींच्या मोकळ्या वापराला अडवणाऱ्या निषेधांची बेरीज, अशी त्याची व्याख्या आहे. सोवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला ती पटकन पटते, पण तेवढ्यात भक्ती कुठे बसवायची ते त्याला विचारावंसं वाटतं.

तो 1932 मध्ये गेला, ग्लोझेलवरचा विश्वास तसाच ठेवून. पुन्हा पॅरिसला गेलात तर लोकल गाडीने सँ-जेर्मँला जा, जुन्या राजवाड्यात त्याचं संग्रहालय अजून आहे.